पतसंस्थेचा हप्ता झेपेना, बाकीची देणीही उभी : आधी कुणाचं भागवायचं?

विचारणारे गृहस्थ कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत मशीनवर कामाला आहेत. हातात २७,५०० रुपये पगार येतो. पत्नी घरी शिलाई करतात, त्याचे महिन्याला साधारण ४,५००. वीस महिन्यांपूर्वी आईचं ऑपरेशन आणि घराचा स्लॅब एकदमच आला, म्हणून पतसंस्थेतून साडेतीन लाख काढले. व्याज १४ टक्के, मुदत ४८ महिने, हप्ता ९,५६०. सोळा हप्ते भरले आणि पुढचे चार तटले. आज थकीत व्याज धरून बाकी २,६६,००० आहे. साडू आणि कंपनीतले एक सहकारी असे दोघे जामीन आहेत. शिवाय बँकेत चार बांगड्यांवर ८०,००० चं सोनेतारण, त्याची मुदत दोन महिन्यांत संपते. क्रेडिट कार्डाचे ६४,०००. पत्नीच्या नावावर बचत गटातून घेतलेल्या मायक्रोफायनान्सचे ४०,०००. एका खासगी माणसाकडून महिना पाच टक्क्यांनी घेतलेले ५०,०००. आणि उचललेल्या भिशीचे अजून सात महिने २,०००. साडू म्हणतात, ‘घराच्या कागदावर दुसऱ्या संस्थेतून पाच-सव्वापाच लाख काढ आणि सगळं एकदाच मिटव.’ करावं का, असा प्रश्न आहे.

मी पंचवीस वर्षं पतसंस्थेत नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा वसुलीच्या टेबलावर. आता लोकांचे अर्ज लिहून देतो, तडजोडीला सोबत जातो. त्या अनुभवावरून सांगतो.

साडूंच्या सल्ल्यापासून सुरुवात करतो, कारण तो लगेच अमलात येण्यासारखा आहे. घराचे कागद कपाटातून काढू नका. तुमची सगळी देणी मिळून ५,१४,००० होतात. पाच लाख १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले तर हप्ता ११,६०० च्या आसपास बसतो, म्हणजे आजच्या सगळ्या हप्त्यांपेक्षा कितीतरी कमी. कागदावर हे जमतं आणि म्हणूनच माणूस त्यात सापडतो. कारण कार्ड, गट आणि खासगी उसने या तिन्ही देण्यांना आज तुमच्या घराचा आधार नाही. सगळं एकत्र केलं की कार्डावर घेतलेल्या चपलांसाठी आणि किराण्यासाठीसुद्धा घर तारण जातं. शेअर्सची कपात, मुद्रांक, गहाणखताचा खर्च वेगळा. आमच्याकडे याला नवं-जुनं म्हणतात. नवं-जुनं केलेल्या खातेदारांपैकी बरेच जण वर्ष-दीड वर्षात परत माझ्या टेबलासमोर बसलेले मी पाहिलेत, आणि तेव्हा फाइलला घराचा उतारा जोडलेला असायचा. साडूंवर मी दोष ठेवत नाही. ते जामीन आहेत, त्यांना सुटायचंय. त्यांना कसं सोडवायचं ते पुढे येतंच.

तुमचा महिना मी मांडून पाहिला. किराणा ७,०००, दूध १,८००, वीज-गॅस-पाणी २,३००, पोरांची शाळा आणि रिक्षा ३,०००, आईची औषधं १,५००, पेट्रोल १,८००, मोबाइल ६००. झाले १८,०००. अडीअडचणीला १,५०० बाजूला काढाच. ते काढले नाहीत तर पहिल्याच तापाला परत कार्ड बाहेर येतं. ३२,००० मधून उरतात १२,५००. आणि आजचे हप्ते? संस्थेचे ९,५६०, कार्डाची किमान रक्कम ३,२००, गटाचे २,४५०, खासगी व्याज २,५००, भिशी २,०००. बेरीज १९,७१०, सोनेतारणाचं व्याज वेगळंच. दरमहा सात हजारांची तूट आहे. ही तूट पोट मारून भरून निघणारी नाही, म्हणून ‘थोडी काटकसर करा’ असं मी तुम्हाला सांगणार नाही.

आता क्रमाबद्दल. सगळ्यात जास्त फोन कार्डवाल्यांचे येतात, दिवसाला पाच-सहा. दारात येऊन मोठ्यानं बोलतो तो खासगी उसनेवाला. पतसंस्थेचा मात्र एखादा शिपाई चिठ्ठी टाकून जातो. म्हणून लोक कार्डाला आधी भरतात, उसनेवाल्याचं व्याज उसनवार करून देतात आणि संस्थेला मागे ठेवतात. हा क्रम चुकीचा आहे. कोण किती ओरडतो ते सोडा. हप्ता चुकला तर नेमकं काय जातं आणि कुणाचं जातं, ते बघा. कार्ड थकलं तर तुमचा सिबिल बिघडतो, पुढे दावा होऊ शकतो. संस्था थकली तर तुमच्याबरोबर आणखी दोन घरं जातात.

संस्थेच्या वसुलीचा रस्ता बँकेपेक्षा आखूड असतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली संस्था दिवाणी दावा न लावता थेट सहकार खात्याच्या निबंधकाकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करते. कर्जदाराला आणि जामीनदारांना सुनावणीची नोटीस निघते. दाखला मिळाला की कलम १५६ आणि नियम १०७ खाली विशेष वसुली अधिकारी जप्तीला उतरतो. पगार, गाडी, घर, जामीनदाराची जमीन, सगळंच त्याच्या आवाक्यात येतं. आणि वसुलीचा खर्च तुमच्याच खात्यावर चढतो.

या सगळ्यात तुमच्या हातात असलेली एकच खरी संधी म्हणजे १०१ ची सुनावणी. आपल्याकडे माणसं नेमकं तेच पाकीट नाकारतात. पोस्टमन आला की ‘घरात कोण नाही’ सांगायचं, आणि वाटतं नोटीस लागूच झाली नाही. होते, आणि दाखला एकतर्फी निघतो. नंतर विभागीय सहनिबंधकाकडे कलम १५४ खाली फेरतपासणी मागायची तर आधी येणे रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात. तुमच्या बाबतीत ते १,३३,०००. एवढे असते तर हा प्रश्नच आला नसता. म्हणून नोटीस आली तर घ्या, तारखेला जा आणि जे म्हणायचं ते तिथंच लेखी द्या. रक्कम चुकलीय, अमुक पावती जमा धरलेली नाही, दंडव्याज कराराबाहेर लावलंय, काहीही असो.

अर्थात तुमची गोष्ट अजून तिथपर्यंत गेलेली नाही. चार हप्ते म्हणजे फाइल अजून शाखेतच आहे. हाच काळ कामाचा. (तुमची संस्था मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत काम करणारी, असेल तर कलम १०१ लागू होत नाही, तिथं लवाद नेमला जातो. पासबुकावरचा नोंदणी क्रमांक आणि कायद्याचं नाव बघून घ्या.)

संस्थेत जायच्या आधी एका संध्याकाळी दोन्ही जामीनदारांकडे जा. फोनवर नको, घरी जाऊन बोला. कारण सांगतो. माझ्या टेबलावर एकदा कागल तालुक्यातले एक शेतकरी आले होते. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी घडी घालून घालून मऊ पडलेली नोटीस काढली. मेहुण्याला जामीन राहिले होते. मेहुण्यानं सहा महिने फोन उचलला नव्हता. त्यांनी मला एवढंच विचारलं, ‘साहेब, माझ्या उसाच्या बिलातनं कापणार काय? पोरीचं लगीन हाय.’ कायद्यानं उत्तर सरळ होतं. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराची मालमत्ता संपवा आणि मग जामीनदाराकडे या, असं बंधन संस्थेवर नसतं. ज्याचा पैसा सोपा, त्याच्याकडे वसुली जाते. मी ते उत्तर दिलं आणि त्यांच्या बिलातून कपात झाली. पुढे जामीनदारांनी भरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क त्यांना असतो, पण तो हक्क वापरायला परत वकील आणि परत वर्षं. त्या मेहुण्यानं पहिल्याच महिन्यात येऊन ‘दाजी, माझं असं असं झालंय’ एवढं सांगितलं असतं तर दोघं मिळून शाखेत आले असते आणि आम्ही हप्ता कमी करून दिला असता. ते प्रकरण मला अजून लागून आहे. म्हणून सांगतो, साडूंना आणि सहकाऱ्यांना सोबत घेऊनच शाखेत जा. तिघे एकत्र आलेले दिसले की व्यवस्थापकाचा सूर बदलतो. हे मी पलीकडच्या खुर्चीवरून सांगतोय.

जाताना पहिली मागणी खातेउताऱ्याची करा. पहिल्या दिवसापासूनचा संपूर्ण उतारा. घरी बसून तुमच्या पावत्यांशी ताडून बघा. दंडव्याज फक्त थकलेल्या हप्त्यांवर लावलंय की सगळ्या बाकीवर, आणि करारात काय लिहिलंय? नोटिशीचा खर्च दोनदा पडलाय का? मी एका माणसाबरोबर उतारा तपासत होतो, त्यात एकाच नोटिशीचा खर्च दोन वेगळ्या तारखांना नावे टाकला होता. मागितल्यावर संस्थेनं तो उलट जमा दिला. शेअर्सचे आणि सक्तीच्या ठेवीचे तुमचे किती आहेत तेही विचारा. कर्जात वळती करून मिळाले तर तेवढी मुद्दल आज कमी होते. व्याज घटत्या बाकीवर आहे ना, याचीही खात्री करा. सरळ व्याजानं १२ टक्के म्हणून दिलेलं तीन वर्षांचं कर्ज प्रत्यक्षात २१ टक्क्यांच्या आसपास पडतं.

मग रक्कम ठरवा. ‘जमेल तेवढं भरतो’ म्हणू नका, त्याला टेबलावर काही किंमत नसते. २,६६,००० वर १४ टक्क्यांनी महिन्याचं व्याजच ३,१०० होतं. तीन हजार भरत राहिलात तर दहा वर्षांनीही मुद्दल जागची हलणार नाही, उलट वाढेल. तुम्हाला ५,५०० झेपतात असा माझा हिशेब आहे. त्यानं कर्ज सहा वर्षांत फिटतं. भिशी संपल्यावर आठव्या महिन्यापासून ते २,००० इकडे वळवून ७,५०० केलेत तर एकूण चार वर्षांच्या थोडं पुढे. म्हणजे संस्थेचं व्याज बुडत नाही, मुद्दल बुडत नाही, फक्त मुदत वाढते. संचालक मंडळाला हे मान्य करणं अवघड नसतं, फक्त त्यांच्यासमोर ते लेखी यावं लागतं.

अर्ज साधा ठेवा. मी असा लिहून देतो : ‘मी आपल्या संस्थेचा सभासद असून माझ्या कर्जखात्याचे चार हप्ते थकले आहेत. कर्ज बुडवण्याचा माझा हेतू नाही. माझे मासिक उत्पन्न व खर्च सोबत जोडला आहे. सध्याचा ९,५६० रुपयांचा हप्ता मला भरणे शक्य नाही. चालू महिन्यापासून दरमहा १० तारखेपूर्वी ५,५०० रुपये व आठव्या महिन्यापासून ७,५०० रुपये भरण्यास मी तयार आहे. तरी मुदत वाढवून कर्जाचे पुनर्गठन करावे, या काळात दंडव्याज आकारू नये व जामीनदारांवर कारवाई करू नये, ही विनंती. आज रोजी ५,५०० रुपये भरले असून पावती जोडली आहे.’ खाली तुमची सही आणि दोन्ही जामीनदारांची संमतीची सही. पगारपत्रक जोडा, आईच्या दवाखान्याचे कागद जोडा. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेऊनच बाहेर पडा. तोंडी ‘बघतो’ म्हटलं तर परत मागा. अर्ज मासिक सभेपुढे कधी येणार ते विचारा आणि सभा झाल्यावर ठरावाची माहिती लेखी मागा. उत्तर येवो न येवो, ५,५०० दर महिन्याला त्याच तारखेला भरत राहा. पुढे कधी सुनावणी झालीच तर या पावत्या आणि तो शिक्का तुमच्या बाजूनं बोलतील.

सामोपचार योजनेची, म्हणजे सवलतीत कर्ज मिटवून देणाऱ्या योजनेची, वाट बघा असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. बिगरशेती पतसंस्थांच्या थकीत कर्जांसाठी अशा योजना येतात हे खरं. पण त्या अनुत्पादक, म्हणजे बरेच दिवस थकून बसलेल्या खात्यांसाठी असतात, आणि सवलतीच्या आशेनं खातं मुद्दाम बुडीत जाऊ देणं म्हणजे तोवर जामीनदारांना पुढे उभं करणं. तुमच्यासाठी तो मार्ग नाही.

आता सोनं. हे बोलताना घरात अवघड होईल, मला कल्पना आहे. चार बांगड्या बँकेत पडून आहेत आणि इकडे कार्ड महिना साडेतीन टक्के, म्हणजे २,२४० रुपये नुसतं व्याज घेतंय. तुम्ही तारण ठेवलं तेव्हापासून सोन्याचा भाव कुठल्या कुठे गेलाय. पावतीवरचं निव्वळ वजन बघा, आजच्या भावानं हिशेब करा. दोन बांगड्या मोडून सोनेतारण आणि कार्ड दोन्ही फिटत असतील तर मोडा, उरलेल्या दोन घरी आणा. बँकेला विचारा, काही रक्कम भरून दोन नग आधी सोडवता येतात का. गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, जाल तेव्हा तीन दुकानांत वजन करा, घट किती धरतात ते बघा, पक्की पावती घ्या आणि पैसे खात्यावर घ्या. पण हा निर्णय वहिनींचा आहे. बांगड्या त्यांच्या आहेत. त्यांच्यासमोर हाच कागद मांडा आणि त्या नको म्हणाल्या तर निदान मुदतीआधी व्याज भरून तारण नवीन करून घ्या, नाहीतर लिलावाची नोटीस येईल आणि चारही जातील.

कार्ड फिटलं की बंद करून घ्या, लेखी. फिटलं नाहीच तर बँकेला कार्ड बंद करून बाकीचे हप्ते पाडून मागा. तडजोडीनं कमी रकमेत मिटवलं तर सिबिलवर ‘सेटल्ड’ असा शेरा अनेक वर्षं राहतो. पण तुम्हाला पुढची चार वर्षं नवं कर्ज काढायचंच नाहीये, त्यामुळे त्या शेऱ्याला एवढं घाबरू नका. कार्डवाले किंवा गटाची कंपनी त्रास देत असेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. मायक्रोफायनान्सवाल्यांना सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. पतसंस्थेसाठी मात्र रिझर्व्ह बँक नाही, तिथं सहकार खातं, म्हणजे उपनिबंधक.

खासगी उसने. महिना पाच टक्के म्हणजे वर्षाला साठ. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणं हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. परवाना असलेल्यालासुद्धा बिगरशेतकऱ्याला विनातारण कर्जावर १८ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. आजवर दिलेल्या व्याजाच्या तारखा आणि रकमा वहीत लिहून काढा, फोनवरचे संदेश जपून ठेवा आणि यापुढे रोख एक रुपया देऊ नका. आधी एकदा शांतपणे सांगून बघा की मुद्दल हप्त्यानं देतो, खात्यावर देतो. ऐकत नसेल तर तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाकडे लेखी तक्रार द्या. त्याच्याकडे तुमचा कोरा चेक असेल तर नंबर तक्रारीत लिहा. चेकचं पेमेंट थांबवलं म्हणजे कलम १३८ (चेक न वटल्याचा गुन्हा) मधून सुटका होते असं समजू नका, तसं नाही. नोटीस आली तर पैसे भरायला १५ दिवस मिळतात, आणि चेकबद्दल वाद असेल तर त्याच दिवसांत वकिलाकडून उत्तर गेलं पाहिजे.

गट आणि भिशी सुरळीत चालू द्या. ती गल्लीतली माणसं आहेत, रक्कम लहान आहे.

म्हणजे सोनं आणि कार्ड बाजूला झालं की महिन्याला संस्था ५,५००, गट २,४५०, भिशी २,०००. झाले ९,९५०. उरलेल्या २,५५० मधून उसन्याची मुद्दल. पीएफ यासाठी काढू नका. तो कुणाला जप्त करता येत नाही, आणि तुमच्याकडे तेवढंच एक गाठोडं असं आहे.

वकिलाची गरज पडली तर खर्चाला घाबरू नका. कसबा बावडा रस्त्यावरच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि औद्योगिक कामगारालाही. वहिनी आणि तुम्ही दोघंही त्यात बसता. चेकचं प्रकरण झालंच तर लोकअदालतीत तडजोड करा. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, म्हणून झेपणारी रक्कमच कबूल करा.

आणि कर्ज फिटेल त्या दिवशी रिकाम्या हातानं घरी येऊ नका. बेबाकी दाखला (काही देणं उरलं नाही असा), कर्ज घेताना दिलेले कोरे चेक आणि सही केलेले स्टँप मोजून परत घ्या. साडूंच्या सातबाऱ्यावर किंवा तुमच्या मिळकतपत्रिकेवर मध्ये कधी बोजा चढला असेल तर तो कमी करायचं पत्र त्याच दिवशी मागा आणि तलाठ्याकडे, नगर भूमापन कार्यालयात स्वतः नेऊन द्या. दाखल्याची एक झेरॉक्स साडूंना आणि एक त्या सहकाऱ्यांना द्या.